डोक्याचा घेर ५९.५ सेंमी: मोठ्या माणसांत याला काही अर्थ असतो का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मुलगा दीड वर्षाचा आहे. लशीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी नेहमीप्रमाणे त्याचं डोकं मोजलं. ५०.५ सेंमी भरलं, म्हणजे वाढीच्या तक्त्यातल्या वरच्या रेषेच्याही थोडं वर. टाळू भरली आहे, चालतो, बोलतो, हाक मारली की धावत येतो, म्हणून डॉक्टर काळजीत नव्हत्या. मोठं डोकं बहुतेक वेळा आईबाबांकडूनच आलेलं असतं म्हणाल्या आणि तीच टेप घेऊन आम्हा दोघांची डोकी मोजली. नवऱ्याचं ५७, माझं ५९.५.

"आईवर गेलाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहून विचारलं, "हे ऑपरेशन कसलं?"

थायरॉइडमध्ये गाठी होत्या. २९ व्या वर्षी काढल्या, कर्करोग निघाला नाही, मी विषय संपवला होता. घरात आणखी कोणाला काही झालंय का, असं विचारल्यावर मी मावशीचं सांगितलं: ४२ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग. डॉक्टरांनी कागदावर 'पीटीईएन' असं जनुकाचं नाव लिहून दिलं (यात बदल असेल तर डोकं मोठं असतं, आणि थायरॉइडच्या गाठी, स्तनाचा कर्करोग यांचा धोका वाढतो) आणि जनुकतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. बाईचं डोकं ५८ च्या आणि पुरुषाचं ६० च्या पुढे असेल तर ती या बदलाची एक खूण धरतात. नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, पण सोबत थायरॉइडच्या गाठी असतील तर बघून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

घरी येऊन शिवणाच्या टेपने मोजलं तर एकदा ६०.२ आलं, एकदा ५८.९. तक्ता शोधायला गेले तर जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता पाच वर्षांपर्यंतच जातो. रात्रभर झोप नाही. मुलाला काही होईल का, हाच विचार.

घेर नीट कसा मोजायचा? या चाचणीतून कोणी गेलंय का? आणि आईशी, मावशीच्या मुलीशी हे कसं बोलू? मावसबहीण आत्ता कुठे सावरली आहे.

प्रतिसाद १

ताई, शिवणाची टेप वापरून वापरून ताणलेली असते, ती नको. न ताणणारी कागदी किंवा फायबरची घ्या. वेणी, अंबाडा, क्लिप सगळं काढा. टेप पुढे भुवयांच्या जरा वर, बाजूने कानांच्या वरून आणि मागे जिथे सगळ्यात जास्त उंचवटा लागतो तिथून न्या. केस दबतील इतकी घट्ट धरा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. उंच माणसाचं डोकं जात्याच थोडं मोठं असतं, तेव्हा आकड्याशेजारी उंचीही लिहा.

आणखी एक. तुमचं डोकं लहानपणापासूनच मोठं आहे की अलीकडे वाढलंय? मोठेपणी टोपी घट्ट होऊ लागली, अंगठी बोटात जाईना, चपलेचा नंबर वाढला, तर तो वेगळा प्रश्न. ग्रोथ हॉर्मोन जास्त झाल्याने तसं होतं आणि त्यासाठी आयजीएफ-१ ही रक्तचाचणी असते. उतारवयात कवटीचं हाड जाड होणारा पॅजेटचा आजारही असतो. सर जेम्स पॅजेट यांनी १८७७ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांच्या रुग्णाला वर्षागणिक मोठी टोपी घ्यावी लागत होती. तुमच्या लिहिण्यावरून यातलं काही वाटत नाही, तरी डॉक्टरांना सांगा.

प्रतिसाद २

माझ्या घरात हे आहे, म्हणून लिहिते. जनुकात बदल निघालाच तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण कळल्यावर हातात काहीतरी येतं: थायरॉइडची सोनोग्राफी दर वर्षी, स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफी तिशीपासून, आतड्याची तपासणी पस्तिशीत. माझ्या बहिणीची गाठ अशाच तपासणीत अगदी लहान असताना सापडली. ती आज ठणठणीत आहे.

जाताना थायरॉइडचा बायोप्सी रिपोर्ट न्या. हिरड्यांवर, जिभेवर बारीक पुटकुळ्या आहेत का तेही आरशात बघून ठेवा, ते हमखास विचारतात. मावसबहिणीला आत्ताच काही सांगू नका. आधी तुमची तपासणी होऊ दे. बदल निघाला नाही तर तिला उगाच घोर लागायचा नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डोकं शाळेपासूनच मोठं आहे, वर्गाच्या फोटोतही दिसतं. नव्या टेपने तिन्ही वेळा ५९.४ ते ५९.६ आलं. उंची १६१.

काल आईचं मोजलं. तिने अंबाडा सोडला, पाठमोरी बसली आणि एवढंच विचारलं, "बाळाचं काही आहे का गं?" तिला सगळं सांगून टाकलं. तिचा घेर ५४.५ भरला. म्हणजे माझं डोकं काही मावशीच्या बाजूने आलेलं दिसत नाही. मग ती उठली आणि कपाटातून बाबांची गणवेशाची टोपी घेऊन आली. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. आतल्या पट्टीवर साईज होती ६१.

बाबांच्या घरच्यांचं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आज आत्याला फोन केला. तिचंही थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, मला माहीतच नव्हतं. जुने कागद ती शोधते आहे. जनुकतज्ज्ञांची वेळ सोमवारची मिळाली आहे.