आजीचे तोडे: चांदी की जर्मन सिल्व्हर? घनता काढली पण घोळ झालाय

पावशेर:
आजीच्या पेटीत पायातले दोन तोडे सापडले, भरीव आहेत, काळे पडलेत. आई म्हणते चांदीचेच, मामा म्हणतो जर्मन सिल्व्हर. म्हटलं सराफाकडे जायच्या आधी घरीच घनता काढू, वस्तुमान भागिले आकारमान, शाळेतलंच तर आहे. एक तोडा किचनच्या काट्यावर 212 ग्रॅम भरला. मग लिटरच्या मेजरिंग मगात 300 मिली पाणी घेऊन त्यात सोडला तर पाणी साधारण 325 पर्यंत चढलं. 212 भागिले 25 म्हणजे 8.48. चांदीची 10.5 असते ना? मामा जिंकला का?

दुपारचा_चहा:
भागाकार बरोबर, पाणी चुकलं. त्या मगावर 50-50 च्या रेघा असतात, 25 तू डोळ्यानेच घेतलंस. 20 धरलं असतंस तर 10.6 आलं असतं, म्हणजे 5 मिलीत चांदीचं जर्मन सिल्व्हर झालं बघ. असं कर, पातेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेव, टेअर दाबून शून्य कर, तोडा दोऱ्याला बांधून हातात धरून पूर्ण बुडव, तळाला-कडेला टेकू देऊ नकोस. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिली आकारमान.

गोंधळी_गणू:
थांबा थांबा, तोडा हातात लटकतोय तर काटा काही दाखवेलच कशाला? आणि ग्रॅमचे मिली कसे झाले??

दुपारचा_चहा:
पाणी तोड्याला वर ढकलतं, तेवढ्याच जोराने तोडा पाण्याला खाली दाबतो, ते काट्याला कळतं. आणि हा जोर म्हणजे तोड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आर्किमिडीजचं तेच. 1 मिली पाणी 1 ग्रॅम, झालं. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालव, नाहीतर आकारमान उगाच वाढतं.

पावशेर:
केलं. काटा 20 आणि 21 मध्ये नाचतोय. मग 10.6 धरू की 10.1?

सई_सांगलीकर:
दोन्ही तोडे एकत्र बांध ना, आकडा दुप्पट झाला की त्याच एका ग्रॅमच्या चुकीचा परिणाम निम्मा होतो.

पावशेर:
भारी! दोन्ही मिळून 423, पाण्यात 41. 10.3 आली!

सई_सांगलीकर:
मग जर्मन सिल्व्हर नाही, ते असतं तर काट्याने 49 च्या आसपास दाखवलं असतं. (त्यात चांदी नसतेच मुळी, तांबं-निकेल-जस्त असतं.) थोडं तांबं मिसळलेली चांदी वाटतेय. पण शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.96, दोन्ही मिसळूनही कोणी 10.3 जमवू शकतो, तेव्हा टंच सराफाकडूनच काढून घे. आमच्याकडे एक कडं असंच मोजलं तर घनता फारच कमी आली, आत लाख भरलेली निघाली.

पावशेर:
मामा म्हणतो तुझा काटाच बिघडलाय, सगळं जास्त दाखवतो 😑

दुपारचा_चहा:
दाखवू दे की. दहा टक्के जास्त दाखवत असला तर 423 पण जास्त आणि 41 पण जास्त, भागाकार तोच. मामाला एवढं पाठव.