बायोवेअरवरचा खेळाडूंचा विश्वास नेमका कुठे उडाला?

पामबीच (नेरूळ):
१९९८ साली आलेला बायोवेअरचा ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा खेळ आमच्या घरी पाच सीडींवर होता. नव्या प्रदेशात शिरले की संगणक पुढची सीडी मागत असे आणि ती बदलण्याचे काम दादाने माझ्याकडे दिले होते. कॅनडातील एडमंटनच्या या स्टुडिओविषयी तेव्हापासून आपुलकी आहे. त्यांच्याच ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या खेळमालिकेच्या पुढच्या भागासाठी आगाऊ पैसे भरून ठेवू, असे मी परवा म्हणालो, तेव्हा अकरावीतल्या पुतण्याने विचारले, “काका, बायोवेअरच कशाला?” मला उत्तर सुचले नाही. हा विश्वास एखाद्या फसलेल्या खेळामुळे गेला की हळूहळू?

तलावपाळी (ठाणे):
हळूहळू गेला, असे माझे मत आहे. हे खेळ लोक केवळ देखण्या चित्रांसाठी घेत नव्हते, तर आपण घेतलेला निर्णय पुढे लक्षात ठेवला जाईल या भरवशावर घेत होते. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर, गुडघाभर पाण्याच्या काठाशी, आपलाच साथीदार रेक्स बंदूक रोखतो, तिथे त्याची समजूत पटली नाही तर तो जिवाला मुकतो, आणि तीच सेव्ह फाइल (खेळातल्या आपल्या प्रगतीची नोंद) दुसऱ्या भागात नेली की त्याच्या टोळीचा म्होरक्या दुसराच कोणी असतो. २०१२ साली तिसऱ्या भागाच्या शेवटावर एवढा संताप उसळला तो याचमुळे, कारण तीन खेळांतले निर्णय जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या दृश्यांत विरून गेले. त्याच जूनमध्ये विस्तारित शेवट विनामूल्य दिला गेला, ही गोष्टही विसरू नये. परंतु बायोवेअरच्याच ‘ड्रॅगन एज’ या दुसऱ्या मालिकेतल्या २०२४ च्या ‘द व्हेलगार्ड’मध्ये दहा वर्षांपूर्वीच्या ‘इन्क्विझिशन’ या आधीच्या भागातले अवघे तीन निर्णय विचारले जातात, आणि इतकी वर्षे वाट पाहिलेल्या माणसाच्या ते मनाला लागते.

मिनीसीशोर (वाशी):
वरील म्हणणे पटते, पण राग लेखकांवर निघतो हे मला अन्यायाचे वाटते. ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या खेळ प्रकाशित करणाऱ्या मोठ्या कंपनीने बायोवेअर विकत घेण्याचे २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१२ मध्ये संस्थापक रे मुझिका व ग्रेग झेशुक बाहेर पडले. बायोवेअरचा २०१९ चा ‘अँथम’ हा खेळ केवळ ऑनलाइन चालणारा होता; त्याच्या फेररचनेचे आश्वासन २०२१ मध्ये मागे घेतले गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्व्हर बंद झाल्यावर पैसे मोजून घेतलेला खेळ सुरूदेखील होईनासा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ५० जणांना कमी करण्यात आले, त्यांत ‘ड्रॅगन एज’मधले व्हॅरिकसारखे लाडके पात्र लिहिणारी लेखिकाही होती. पुढे ‘द व्हेलगार्ड’ला अपेक्षेच्या जवळपास निम्मेच, म्हणजे १५ लाख खेळाडू लाभल्याचे ईएने सांगितले. ज्यांच्या लेखणीवर लोक भाळले, त्यांनाच घरी पाठवल्यावर आपुलकी कोणाच्या नावावर टिकणार?

घोडबंदर (ठाणे):
आगाऊ पैसे भरू नका. पुतण्याला ‘मास इफेक्ट’ची २०२१ ची ‘लेजंडरी एडिशन’ द्या. पहिले तिन्ही भाग तिच्यात एकत्र आहेत.

पामबीच (नेरूळ):
सर्वांचे मनापासून आभार. ‘लेजंडरी एडिशन’ घेतली. काल रात्री पुतण्या व्हर्मायरला पोहोचला आणि त्याने घाईघाईत रेक्सला गोळी घातली. दुसऱ्या भागात काय होते, ते मी त्याला सांगितलेले नाही.