अनुभव धागा: चिकलठाणा, नांदेड आणि हुकलेलं विमान

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की तेच प्रश्न नव्यानं येतात: संभाजीनगरहून विमान कसं पडतं, नांदेडहून घ्यावं का, सामान किती चालतं. जाणकारांनी इथं लिहावं. प्रवासवर्णन नको, कामाचं तेवढंच. विमानांच्या वेळा मात्र लिहू नका. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं, मग जुन्या वेळा वाचून लोक फसतात.

जालना रोड
शहराचं नाव बदललं, विमानतळाचा कोड आयएक्सयू हाच राहिला. तिकीट शोधताना नाव सापडलं नाही तर कोड टाका. नांदेडचा एनडीसी. मुंबईचा मात्र दोनदा वाचा: बीओएम म्हणजे जुनं सांताक्रूझ-अंधेरीचं, एनएमआय म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेलं नवी मुंबईचं. एकीकडे उतरून दुसरीकडून पुढचं विमान असलं तर मधे अख्खी मुंबई आहे.

चिकलठाणा म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ, शहराच्या पूर्वेला, जालना रोडलाच लागून. म्हणून जालन्याकडून येणाऱ्याला शहर ओलांडावं लागत नाही. क्रांती चौकाकडून येणाऱ्याला सेव्हन हिल्स, मुकुंदवाडी असं सगळं पार करावं लागतं. एमआयडीसीची पाळी सुटायच्या वेळेला अर्धा तास जास्तीचा धरा.

सात किलो
इमारत छोटी, रांग छोटी, म्हणून लोक निवांत येतात. पण सामानाचा काउंटर इथंही साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, मुंबईसारखाच. मुंबईत विमान हुकलं तर तासा-दोन तासांत दुसरं असतं; इथं बहुतेक मार्गांवर त्या दिवशी दुसरं नसतंच.

हातातली बॅग ७ किलो, आत टाकायची १५ किलो. इकॉनॉमीत बहुतेकांचं हेच. सामानात अडतं ते असं:
- सुकं खोबरं. तेलकट असल्यानं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालात मोजतात. मावशीनं दिलेली खोबऱ्याची वाटी काढून ठेवावी लागते.
- मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नको. डबा घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका.
- पॉवर बँक याच्या उलट: फक्त हातातल्या बॅगेत.

गोदाकाठ
नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे हमखास विचारतात म्हणून: शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण चालते. पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. त्याहून मोठी सामानात द्यावी लागते.

नांदेड-हैदराबाद हा 'उडान' या सरकारच्या स्वस्त विमानप्रवास योजनेच्या अगदी पहिल्या मार्गांपैकी एक, २७ एप्रिल २०१७ चा. ती सेवा देणारी ट्रूजेट पुढं बंद पडली. या योजनेत सरकार तूट भरून देतं ती ३ वर्षं; मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर चालला तर चालला. स्वस्त दराच्या जागाही ठरावीकच असतात, बाकीच्या बाजारभावानं. तेव्हा 'उडान' म्हणून शेवटच्या आठवड्यात तिकीट काढाल तर स्वस्त मिळेलच असं नाही.

विमान लहान असलं की डोक्यावरचा कप्पाही लहान. ट्रॉली बॅग दारातच काढून घेतात. औषधं, चार्जर, दागिने आधीच वेगळे काढा.

धावपट्टी
उन्हाळ्याचं एक कुणी सांगत नाही. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर. वर पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. धावपट्टी तर तेवढीच, मग वजन कमी करतात. कधी सामान मागं राहतं, कधी प्रवासी. एप्रिल-मे मध्ये शक्य तर सकाळचं किंवा रात्रीचं घ्या. डिसेंबर-जानेवारीत उलट, सकाळच्या धुक्यात उशीर होतो.

ज्यांना आठवतं त्यांच्यासाठी: २६ एप्रिल १९९३ ला इथंच इंडियन एअरलाइन्सचं विमान उड्डाणात कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत उशिरा नाक उचलण्याबरोबर उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची रहदारी न थांबवणं हेही कारण निघालं.

कलमी
उशीर-रद्दचे नियम पाठ असू द्या. उशीर ६ तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. आयत्या वेळी रद्द झालं तर भरपाई: तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंतच्याला ७,५००, त्यापुढं १०,०००. मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून याहून कमी होत असतील तर तेवढेच. धुकं, वादळ असं कारण असलं की भरपाई नाही, पैसे परत मात्र मिळतात. म्हणून कारण लेखी मागा, एसएमएस पुरतो.

मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्यांनी दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढा. वेगळी तिकिटं असली आणि चिकलठाण्याचं विमान रखडलं, तर पुढची कंपनी तुम्हाला 'आलेच नाहीत' म्हणते. परतीत सामान मुंबईतच घेऊन कस्टम करून पुन्हा द्यावं लागतं, तीन तास तरी मधे ठेवा.

वेरूळकर
पाहुणे बोलवत असाल तर वार बघूनच तिकीट काढा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री उतरून बुधवारी पहाटे परत जाणाऱ्याला सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, असंच जमतं.

जालना रोड
आणि विमान रद्द झालंच तर मुंबईसाठी नांदेडहून निघणारी वंदे भारत बघा. जालना, संभाजीनगर दोन्हीकडे थांबते. पण ती सकाळचीच. दुपारी रद्द झालं तर समृद्धीवरून गाडी.