मदत हवी आहे: कारखान्याच्या लॅपटॉपसाठी पहिलं लिनक्स कोणतं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यानं विंडोज ११ चढत नाही. मशीन अजून ठणठणीत आहे, टाकवत नाही. रॅम ४ जीबी.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा विचार आहे. माझा कल तिच्या लिनक्स मिंट २२ या प्रकाराकडे आहे: २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, आणि खाली मेनूची पट्टी असल्यानं वडिलांनाही ओळखीचं वाटेल. पण मिंटच्या डेस्कटॉपपैकी सिनॅमन घ्यावं की त्याहून हलकं एक्सएफसीई?

खरी काळजी टॅलीची. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) कुणी रोज बिलं काढतंय का, की तेवढ्यासाठी विंडोज शेजारी ठेवावं? इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी टायपिंगही लागतं. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवताना प्रिंटरशिवाय आणखी काय तपासू? सोलापुरात कुणी वापरत असेल तर प्रत्यक्ष येऊन बघेन.