आपला उपग्रह परक्या रॉकेटवर चढवला, यात कमीपणा कसला?

अगस्ती

१९ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्याकडे मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलवरून स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ने आपला जीसॅट-एन२ उचलला. तेव्हापासून एकच सूर ऐकतोय: चंद्रावर स्वतःच्या रॉकेटने जाणाऱ्या इस्रोला साधा दळणवळण उपग्रह पाठवता येऊ नये? मला हा आक्षेप पटत नाही.

इस्रोचं सगळ्यात ताकदवान रॉकेट एलव्हीएम३ भूस्थिर संक्रमण कक्षेत, म्हणजे भूस्थिर जागी पोचण्याआधीच्या लांबट कक्षेत, साधारण ४,००० किलो नेतं. चांद्रयान-३ होतं ३,९०० किलोच्या आसपास, म्हणून बसलं. जीसॅट-एन२ भरतो ४,७०० किलो. मग तो हलका का नाही केला? कारण वजन घटवायचं तर एक तर इंधन काढा, नाहीतर बीम काढा, म्हणजे जमिनीच्या एकेका भागावर सोडलेले सिग्नलचे झोत. आणि या उपग्रहाची सगळी किंमत बीममध्येच आहे. का-बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यातले एकूण ३२ बीम, सेकंदाला ४८ गिगाबिट (जीबीपीएस) डेटा नेण्याची क्षमता. त्यातले ८ अरुंद बीम एकट्या ईशान्य भारतासाठी राखलेत, उरलेले २४ बाकीच्या देशासाठी. दरड कोसळली की जिथे रस्त्याबरोबर फायबरही जाते, तिथल्या माणसाला रॉकेटवर झेंडा कोणाचा होता याच्याशी काय कर्तव्य?

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. १९८१ चा आपला ॲपल उपग्रह युरोपच्या एरियान रॉकेटवरून गेला. इन्सॅट-१बी १९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या पोटातून गेला आणि त्याच्याच जोरावर दूरदर्शन गावोगाव पोचलं. स्वतःचं मोठं रॉकेट होईपर्यंत थांबलो असतो तर एक आख्खी पिढी त्याला मुकली असती.

रानवारा

असहमत, आणि तुम्ही काढलेल्या वजनाच्या मुद्द्यावरच. २ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम३ नेच नौदलाचा उपग्रह सीएमएस-०३ नेला. त्याचं वजन ४,४१० किलो. म्हणजे ४,००० ची रेघ काही दगडावरची नव्हती. जीसॅट-एन२ त्याहून जेमतेम ३०० किलोंनी जड. मनावर घेतलं असतं तर तोही गेला असता.

जागेचा फायदाही आपल्याच बाजूला आहे. श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून १३.७ अंशांवर, केप कॅनाव्हरल २८.५ अंशांवर. भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या वर असते, त्यामुळे उत्तरेकडून जितकं लांबून निघाल तितका कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी असलेला तिरपेपणा, काढायला खर्च जास्त.

अगस्ती

सीएमएस-०३ कुठे सोडला तेही बघा. साधारण १७० किलोमीटर बाय २९,९७० किलोमीटरच्या कक्षेत. म्हणजे कक्षेचं वरचं टोकसुद्धा ३५,७८६ किलोमीटरच्या भूस्थिर उंचीच्या खालीच राहिलं. उरलेला चढ उपग्रहाने स्वतःचं इंजिन पेटवून चढायचा. हासनच्या नियंत्रण केंद्रातून आज्ञा जाते, इंजिन ठरलेला वेळ जळतं, मग मोजमाप, मग पुढची आज्ञा. या चढात जे इंधन जास्तीचं जळतं, तेच पुढे उपग्रहाला वर्षानुवर्षं जागेवर धरून ठेवणार असतं. ते संपलं की बाकी सगळं धडधाकट असूनही उपग्रह कामातून जातो.

नौदलाच्या उपग्रहासाठी आपल्या भूमीवरून उडण्याला वेगळं मोल आहे, तिथे असा सौदा करावा. जीसॅट-एन२ न्यूस्पेस इंडिया या इस्रोच्या व्यापारी कंपनीचा आहे, १४ वर्षं क्षमता विकून पैसे वसूल करायचे आहेत. त्यातली दोन-तीन वर्षं अभिमानापायी जाळायची? जागेबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण फाल्कनकडे तो कल भरून काढण्याइतकी ताकद शिल्लक असते.

मृगजळ

परक्या रॉकेटवर दिला म्हणजे सुरक्षित, असंही कोणी समजू नये. १ सप्टेंबर २०१६ ला याच फाल्कन ९ चा उड्डाणाआधीच्या चाचणीत तळावरच स्फोट झाला आणि वर बसवलेला इस्रायलचा एमॉस-६ जळून गेला. आपल्याही जीएसएलव्ही रॉकेटने २००६ मध्ये इन्सॅट-४सी आणि २०१० मध्ये जीसॅट-५पी गमावला. धोका दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की जे रॉकेट आठवड्यातून अनेकदा उडतं, त्याचे दोष लवकर उघडे पडतात आणि लवकर दुरुस्त होतात.

रानवारा

अगस्ती, इंधनाचा मुद्दा मान्य. पण माझी खरी भीती किलोंची नाहीच.

उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या ब्रिटनच्या वनवेब कंपनीचं काय झालं ते आठवा. मार्च २०२२. त्यांचे ३६ उपग्रह बैकानूरच्या तळावर रशियाच्या सोयुझ रॉकेटवर चढवून तयार. युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाने अटी घातल्या, उड्डाण रद्द झालं आणि उपग्रह तिकडेच अडकले. पैसे मोजलेले, करार केलेला, काही उपयोग झाला नाही. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. नव्वदच्या दशकात रशिया क्रायोजेनिक इंजिनाचं, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचं तंत्रज्ञान देणार होता, अमेरिकेने दबाव आणला आणि तंत्रज्ञान मिळालंच नाही. पुढची कित्येक वर्षं ते इंजिन उभं करण्यात गेली.

आता २०२४ ची परिस्थिती बघा. एरियान ५ जुलै २०२३ ला निवृत्त झालं. एरियान ६ चं पहिलंच उड्डाण जुलै २०२४ चं. रशियाची दारं बंद. एवढा जड उपग्रह वेळेवर नेईल असा विक्रेता उरला एकच. एकाच दुकानात माल असेल तर भाव कोण ठरवतो, हे मी सांगायला नको. तेव्हा फाल्कनचा जाहीर दर ७ कोटी डॉलरच्या आसपास होता. उद्याही तोच राहील, याची हमी कोण देणार?

अगस्ती

वनवेबची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. रशियाने दार लावल्यावर ते स्पेसएक्सकडे गेले तसे आपल्याकडेही आले. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३, दोन एलव्हीएम३ मिळून ७२ उपग्रह आपण नेले. तेव्हा ब्रिटनमध्ये कोणी ‘परक्याच्या रॉकेटवर गेलो’ म्हणून मान खाली घातली नाही. आपण भाडं घेतो तेव्हा तो अभिमान आणि देतो तेव्हा नामुष्की, हे कसं चालेल?

कातळ

तुमच्या दोघांच्या बोलण्यात एलव्हीएम३ कपाटातून काढावं तसं हवं तेव्हा मिळतं असं गृहीत धरलंय. चांद्रयान-३ जुलै २०२३ मध्ये गेलं. त्यानंतरचं एलव्हीएम३ थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये उडालं. मधली सव्वादोन वर्षं एकही नाही. त्यात गगनयानलाही हेच रॉकेट लागणार. म्हणजे जीसॅट-एन२ अगदी ३,५०० किलोंचा असता तरी रांगेत उभाच राहिला असता.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नव्या पिढीच्या रॉकेटला ८,२४० कोटी मंजूर केले, पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेत ३० टन नेण्यासाठी. त्यापाठोपाठ श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या तळालाही मंजुरी मिळाली. एलव्हीएम३ वर सेमीक्रायो इंजिन (केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं) बसलं की ते भूस्थिर संक्रमण कक्षेत पाच टनांपर्यंत नेईल. हे सगळं हवंच. पण वर्षाला किती रॉकेटं बांधून बाहेर पडतात, यावर कोणी बोलत नाही. तिथे खाजगी कारखान्यांना कामं द्या, सुटे भाग आधी तयार ठेवा. नाहीतर ताकद वाढेल आणि उपग्रह तसेच गोदामात बसतील.

रानवारा

कातळ, उड्डाणांच्या संख्येबद्दल शंभर टक्के सहमत. मी एवढंच म्हणतो की व्यापारी उपग्रह खुशाल भाड्याने पाठवा, पण सैन्याचा एकही बाहेर जाता कामा नये. नौदलाचा जीसॅट-७ आपण २०१३ मध्ये फ्रेंच गयानातून एरियानवर पाठवला होता. ते पुन्हा नको.

अगस्ती

इथे मात्र मी अडतो. २०१३ मध्ये एलव्हीएम३ चं पहिलं चाचणी उड्डाणसुद्धा झालं नव्हतं. तुमचा नियम तेव्हा लावला असता तर नौदलाला स्वतःच्या उपग्रहासाठी आणखी किती वर्षं थांबवलं असतं?

रानवारा

तेव्हा नाइलाज होता, मान्य. आता नाही. सीएमएस-०३ ने दोन-चार वर्षांचं इंधन जाळलं असेल तर जाळू दे. सैन्याच्या उपग्रहाचं वेळापत्रक दुसऱ्या देशाच्या परवान्यावर टांगलेलं नको, त्यासाठी ती किंमत मला चालेल.