विषय: रजिस्ट्री झाली पण चेक वटलेच नाहीत

नमस्कार मंडळी,
अंबाजोगाईजवळचं आमचं 2 एकर वावर आईनं विकलं, ठरले 38 लाख. इसाराचे 8 खात्यात आले आणि रजिस्ट्रीच्या दिवशी 15-15 लाखांचे दोन चेक दिले, दोन्ही परत आले, बँकेचा मेमो येऊन 12 दिवस झाले. घेणारा ओळखीतलाच, आता म्हणतो सोयाबीन निघू द्या मग बघू. आई रात्र रात्र झोपत नाही, बाबांनी त्याच वावरात बोअर घेतलं होतं. हे खरेदीखत रद्द करता येतं का, आणि मी इथं परदेशात बसून काय करू?

---

ताई,
रद्द करायचं नंतर बघू, आधी चेकचं बघा कारण तिथं दिवस मोजलेले असतात. मेमो आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायलाच पाहिजे, ती मिळाल्यावर त्याला 15 दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात चेक न वटल्याची, म्हणजे कलम 138 ची तक्रार. तुमचे 12 गेलेत. सोयाबीनची वाट बघत बसलात तर हा मार्ग हातचा जाईल, लातूरला माझ्या मावशीचं हेच झालं, भिडेपायी दोन महिने थांबली.

आता रद्द करायचं. पैसे थकले म्हणून रजिस्टर झालेलं खरेदीखत आपोआप रद्द होत नाही हो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात किंमत दिलेली असो की द्यायचं वचन असो, विक्री ती विक्रीच. रजिस्ट्री ऑफिसचे साहेब ती मोडून देत नाहीत आणि आईनी एकट्यानं रद्दलेख करून काही होत नाही, एकतर तो स्वतः सही करायला यावा नाहीतर दिवाणी कोर्ट, आणि तिथं रद्द करायच्या दाव्याला मुदत 3 वर्षं. 2020 ला सुप्रीम कोर्टात दहिबेन यांची केस झाली, त्यांनी विकलेली सुरतची जमीन, 36 चेक, त्यातले फक्त 40 हजार मिळाले असं त्यांचं म्हणणं, पण 2009 च्या खरेदीखतावर दावा लावला 2014 च्या डिसेंबरात. कोर्ट म्हणालं किंमत थकली म्हणून खरेदीखत रद्द होत नाही, पैशाचा दावा करा, आणि हा दावा तर मुदतीबाहेरचा आहे. मला ते वाचून लई वाईट वाटलं होतं.

पण हक्क जात नाही. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे न मिळालेल्या रकमेचा आणि व्याजाचा त्या जमिनीवर आईंचा बोजा, म्हणजे जमिनीतून पैसे वसूल करायचा हक्क राहतो, त्याच्या वसुलीला मुदत 12 वर्षं. फक्त त्यानं पुढं तिसऱ्याला विकली आणि त्या माणसाला थकबाकी माहीतच नसली तर बोजा त्याच्यावर चालत नाही, म्हणून वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस लगेच द्या. आणि खरेदीखत नीट वाचा, मालकी पैसे मिळाल्यावरच जाईल असं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. 'सगळी रक्कम भरून पावली' एवढंच असेल तर चेकचे नंबर त्यात आहेत का बघा, ते फार कामाला येतात.

---

ताई, दादांनी सांगितलं ते बरोबर, त्यात एक जोडते. सातबाऱ्यावर त्याचं नाव लागायच्या आधी तलाठ्याकडं फेरफारावर, म्हणजे नाव बदलाच्या नोंदीवर, लेखी हरकत द्या, नोटिशीनंतर 15 दिवस असतात. त्यानं मालकी ठरत नाही पण नोंद वादात राहते, आणि बँक तसल्या सातबाऱ्यावर कर्ज द्यायला कचरते. कोर्टाची कामं भावाला द्यायची असतील तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीसमोर करा आणि महाराष्ट्रात पोचल्यावर 3 महिन्यांच्या आत त्याला स्टॅम्प लावून घ्या, माझं एकदा त्यावरूनच अडलं होतं.

---

दादा, आक्का,
रात्रीच आईला फोन केला. खरेदीखतात दोन्ही चेकचे नंबर आहेत!! फेरफार अजून मंजूर नव्हता, भाऊ सकाळीच जाऊन हरकत देऊन आला, पोच घेतली, त्याचा फोटो आईनं मला तीनदा पाठवला. वकील उद्या नोटीस पाठवणार आहेत, स्पीड पोस्टानं. मुखत्यारपत्रासाठी मंगळवारची अपॉइंटमेंट मिळालीय.