धोंडा हिवाळ्यात काहून येत नाही?

पऱ्हाटीवाला (तालुका दारव्हा):
रामराम मंडळी. यंदा, म्हणजे 2026 ले, 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ हाय. म्हणजे लेक-जावई ऐन 45 डिग्रीत येणार. इकडं वखरपाळी, बियाण्याची उधारी, पावसाकडं डोळे, अन् घरात तेहतीस अनारशांचा घाट. हाच धोंडा पौषात आला असता त कापूस विकून हाती दोन पैसे असते, पाहुणेबी थंडीत खुशीत राहिले असते. जुनी कॅलेंडरं काढून पाहिली: 2012 ले भाद्रपद, 2015 ले आषाढ, 2018 ले ज्येष्ठ, 2020 ले आश्विन, 2023 ले श्रावण. पौष एकदाबी नाही. भटजीले इचारलं त "पौषाले अधिक लागत नाही" म्हणून मोकळे झाले. पण काहून लागत नाही, हे कोणी सांगन काय?

वर्धाकाठ (निवृत्त मास्तर, आर्वी):
भाऊ, प्रश्न पंचांगाचा वाटतो, पण याचं मूळ ग्रहगतीच्या नियमात आहे. कॅलेंडर हातातच असेल तर संक्रांती बघा, म्हणजे सूर्य एका राशीतून पुढच्या राशीत जातो ते दिवस. मिथुन संक्रांत 15 जूनला, कर्क 16 जुलैला. मधे 31 दिवस. आता धनु संक्रांत 16 डिसेंबर आणि मकर 14 जानेवारी. मधे 29 च. राशी दोन्ही तीस अंशांच्याच, मग सूर्य एक रास रेंगाळत आणि दुसरी झपाझप का ओलांडतो?

सूर्य कुठं जात नाही, आपण फिरतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते आणि सेकंदाला 30.3 किलोमीटर पळते. जुलैच्या सुरुवातीला ती 15 कोटी 21 लाखांवर जाते, वेग 29.3 वर येतो. केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचा दुसरा नियम हाच: सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखंच क्षेत्र व्यापते. भावाभावांत वाटणी करताना एकाला आखूड पण रुंद पट्टी देतात, दुसऱ्याला लांब पण अरुंद, एकर मात्र दोघांचे सारखे, तसंच हे. जवळ असताना रेषा आखूड, म्हणून तेवढंच क्षेत्र भरायला पृथ्वीला जास्त अंतर कापावं लागतं.

आता धोंडा. अमावस्या ते अमावस्या सरासरी 29.53 दिवस. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. म्हणजे दोन संक्रांतींच्या मधे अख्खा चांद्रमास मावला पाहिजे. उन्हाळ्या-पावसाळ्यात जागा 31 दिवसांची, त्यामुळे तो सहज मावतो. यंदाच पाहा, वृषभ संक्रांत 15 मेची, तिच्यानंतर अमावस्या संपून महिना सुरू झाला. पुढची अमावस्या 15 जूनला सकाळी संपते आणि मिथुन संक्रांत त्याच दिवशी, पण काही तास उशिरा. थोडक्यात हुकली, म्हणून तुमच्याकडे अनारसे. पौषाच्या दिवसांत दोन संक्रांतींमधली जागा साडेएकोणतीस दिवसांहूनही किंचित कमी. चांद्रमास तिच्यात बसणार कसा? उलट कधीतरी एकाच चांद्रमासात दोन संक्रांती सापडतात आणि महिनाच गळतो, त्याला क्षयमास म्हणतात. 1982-83 साली तसं झालं होतं.

तुमच्या सोयीचा धोंडा 2029 ला आहे, अधिक चैत्र. 16 मार्चच्या सुमारास सुरू होईल.

जुनावाडा (अमरावती):
मास्तर, यात केप्लरचं काय? सूर्याची गती सारखी नसते हे आपल्या सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात आहेच. उगाच परक्याला श्रेय.

वर्धाकाठ:
आहे ना. मंदोच्च (सूर्य सगळ्यात मंद चालतो ती जागा) आणि मंदफल (त्यासाठी करायची दुरुस्ती) हे शब्दच त्यासाठी आहेत आणि गणितही चोख. मी ते नाकारत नाही. पण ते सगळं वर्तुळांवर उभं आहे, ग्रीकांचंही तसंच होतं. केप्लरला टायको ब्राहे या डेन्मार्कच्या खगोलशास्त्रज्ञाची मंगळाची निरीक्षणं मिळाली. वर्तुळं कशीही जुळवली तरी 8 कलांचा फरक उरायचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा. दुसरा कोणी असता तर निरीक्षणावर खापर फोडून मोकळा झाला असता. यानं वर्तुळच टाकून दिलं. कक्षा लंबवर्तुळ आणि सूर्य तिच्या एका नाभीत, म्हणजे मध्यापासून बाजूला असलेल्या बिंदूत, हा पहिला नियम, तो आणि दुसरा 1609 साली छापून आले. हे असं का होतं, ते न्यूटननं 1687 मध्ये दाखवलं.

पुस्तकातल्या चित्रानं मात्र घोटाळा केलाय. त्यात पृथ्वीची कक्षा काकडीसारखी लांबुळकी काढतात. ओसरीवर दोन खिळे आणि सुतळी घेऊन एक मीटर त्रिज्येची खरी कक्षा काढली तर लांबीरुंदीतला फरक पेन्सिलीच्या रेघेतच बुडेल, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. सूर्य तेवढा मध्यापासून पावणेदोन सेंटिमीटर सरकलेला दिसेल. सगळा खेळ त्या सरकण्याचा आहे.

पऱ्हाटीवाला:
हे त डोक्यात बसलं गुरुजी. पण जानेवारीत सूर्य जवळ, मंग तेव्हा हुडहुडी अन् मे मधी भट्टी काहून?

वर्धाकाठ:
अंतरानं ऊन फक्त 7 टक्क्यांच्या आसपास बदलतं. ऋतू पृथ्वीच्या 23.4 अंशांच्या कलामुळं. मे मध्ये दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो आणि दिवसही मोठा. त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियावाले घामाघूम असतात.

रानपाखरू (बीएस्सी दुसरं वर्ष, मूळची वणीची):
काका, मी एक भर घालते. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेतही हेच आहे. 22 मार्च 1957 पासून ती लागू झाली, भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेली. वैशाख ते भाद्रपद 31 दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन 30 चे, ते या गतीमुळेच.

पऱ्हाटीवाला:
पोरी, मंग लगे हात शनीचंबी सांग. आमच्या आईले साडेसातीचं लय भेव. ते साडेसातच काहून?

रानपाखरू:
तो केप्लरचा तिसरा नियम, 1619 चा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर 1 धरायचं. ग्रहाच्या अंतराचा घन काढायचा, त्याचं वर्गमूळ म्हणजे एका फेरीची वर्षं. शनी 9.54 पट लांब. घन 868, वर्गमूळ साडेएकोणतीसच्या जवळ. बारा राशींनी भागा, एका राशीला अडीच वर्षं. साडेसातीत आपली रास, मागची आणि पुढची अशा तीन मोजतात, झाले साडेसात. शनी कोणाला छळतो की नाही ते मला विचारू नका, आजीशी वाद घालणं माझ्यानं होत नाही. गुरूचं अंतर 5.2 आहे, ते तुम्हीच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा, बाराच्या अलीकडे येईल.